दूध फाटलं म्हणजे प्लास्टिक झालं का?

गोव्यातल्या कुठल्याही शालेय विज्ञान प्रदर्शनात फेरी मारा. ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन यांच्या मधल्या टेबलावर एक प्रयोग बहुतेक वेळा असतोच. वाटीत पांढरा चोथा, शेजारी व्हिनेगरची बाटली, ताटलीत वाळवलेल्या चांदण्या आणि बदाम, मागच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘दुधापासून प्लास्टिक’. मुलं पाठ केलेलं भराभर सांगतात. बघायला आलेल्या आया मात्र गालात हसतात. त्यांच्या लेखी हे पनीर, आणि तेही कढईत न पडता फुकट गेलेलं.

आयांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पुठ्ठ्यावरचंही निम्मं खरं आहे. पंचाईत एवढीच की मुलांना शिकवलं जातं ते उरलेलं निम्मं: ‘दुधात आम्ल घातलं की रासायनिक क्रिया होऊन प्लास्टिक तयार होतं.’ तसं होत नाही. आम्ल प्लास्टिक तयार करत नाही. प्लास्टिक ज्या लांब रेणूंचं असतं, ते रेणू दुधात आधीपासूनच असतात. आम्ल त्यांना फक्त पाण्यातून बाहेर काढतं. खऱ्या अर्थाने प्लास्टिक करणारी पायरी पुढची आहे, आणि ती शाळेच्या टेबलावर नसते हे बरंच आहे.

गाईच्या एक लिटर दुधात पाणीच सर्वांत जास्त, साधारण ८७ टक्के. बाकीच्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, ४५ ते ५० ग्रॅम, स्निग्धांश ३५-४० ग्रॅम, थोडे क्षार, आणि प्रथिनं ३२ ते ३५ ग्रॅम. या प्रथिनांतला पाचातला चार हिस्सा एकाच कुटुंबाचा, त्याचं नाव केसीन. म्हणजे लिटरमागे २६-२७ ग्रॅम. म्हशीच्या दुधात थोडं अधिक. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे हिशेबाला लागेल.

केसीनचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार म्हणजे अमिनो आम्लांची एक लांबलचक साखळी. सर्वांत लहान साखळीत १६९ कड्या, सर्वांत मोठीत २०९. लहान कड्या एकामागून एक जोडून झालेल्या अशा साखळीला बहुवारिक म्हणतात, इंग्रजी माध्यमातली मुलं पॉलिमर म्हणतील. पॉलिथिनची पिशवी, नायलॉनची दोरी, पाण्याची बाटली ही सगळी बहुवारिकंच. फरक असा की नायलॉनच्या कड्या कारखान्यात जोडाव्या लागतात आणि केसीनच्या कड्या गाईने कासेतल्या पेशींत आधीच जोडून ठेवलेल्या असतात. स्वयंपाकघरात कडीला कडी जोडण्याचं काम होतच नाही. म्हणून ‘आम्लाने प्लास्टिक बनतं’ हे वाक्य खटकतं. सगळं अवघड काम गाईने केलेलं असताना श्रेय व्हिनेगरला जातं.

मग दुधात हे प्लास्टिक तरंगताना दिसत का नाही?

कारण केसीन सुटं फिरत नाही, त्याचे गोळे झालेले असतात. एकेका गोळ्यात हजारो साखळ्या. गोळ्याचा व्यास सरासरी दीडशे नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये रांगेने सहा-सात हजार गोळे मावतील. साय पूर्ण काढलेलं दूधही पांढरंच दिसतं ते मुख्यतः या गोळ्यांमुळे, कारण त्यांच्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो.

गोळ्याच्या पोटात साखळ्यांना धरून ठेवायला कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण असतात. बाहेरच्या अंगाला कप्पा-केसीन नावाच्या प्रकाराची लव असते आणि तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांच्या अंगावर सारखाच भार, त्यामुळे गोळे एकमेकांना ढकलतात आणि कधी चिकटत नाहीत. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो, जवळजवळ उदासीन. तिथवर सगळं सुरळीत चालतं.

आता त्यात आंबट पडलं. आंबट म्हणजे पाण्यात हायड्रोजनचे धनभारित कण सोडणारा पदार्थ. हे कण दोन कामं एकाच वेळी करतात. एक, केसीनवरचा ऋण भार ते मोडून काढतात. दोन, पोटातलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळवून पाण्यात पळवून लावतात. पीएच ४.६ ला पोचला की केसीनवरचा एकूण भार शून्य होतो. मग ढकलाढकली संपते, गोळे एकमेकांना बिलगतात, आणि वजनाने खाली बसतात. याला आपण दूध फाटलं म्हणतो, नासलं म्हणतो. ६.७ वरून ४.६ हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण पीएचची मोजपट्टी एका अंकाला दहापट अशी चढते. दोन अंकांच्या या उतारात हायड्रोजनचे कण शंभरपटीहून जास्त वाढलेले असतात.

दही लागतं तेव्हाही नेमकं हेच होतं. तिथे आम्ल बाहेरून ओतत नाही. विरजणातले जिवाणू लॅक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात, तेही रात्रभर, सावकाश. भांडं कुणी ढवळत नाही. त्यामुळे केसीनला घाईने गुठळ्या करायची वेळच येत नाही, ते शांतपणे जाळी विणतं आणि पाणी त्या जाळीत अडकून राहतं. आम्ल एका दमात ओतलं आणि ढवळलं, की चोथा वेगळा, पाणी वेगळं. पदार्थ तोच, आकडाही जवळपास तोच, फक्त घाई वेगळी.

आणि दूध गरम का करायचं? हा प्रश्न प्रदर्शनात कुणी विचारत नाही, खरं तर तिथेच गंमत आहे. केसीनच्या साखळ्यांचे काही भाग पाण्याला टाळणारे असतात. ऊब वाढली की हे भाग एकमेकांना जास्त घट्ट धरतात. फ्रिजमधल्या थंडगार दुधाचा पीएच हलक्या हाताने ४.६ पर्यंत उतरवला तरी ते फाटत नाही. मग नुसतं कोमट करायचा अवकाश, घट्ट होतं. उलट दूध चांगलं गरम असेल तर ४.६ पर्यंत जायचीही गरज नाही, ५.३ च्या आसपासच ते फाटतं. म्हणून तर कपभर दुधाला चार चमचे व्हिनेगर पुरतं. थंड दुधात तेवढंच व्हिनेगर ओतून ‘माझा प्रयोग फसला’ म्हणणारी मुलं बरीच असतील.

मात्र दूध उकळूही नये. सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या वर गेलं की दुसऱ्या जातीची प्रथिनं, जी एरवी फाटलेल्या दुधाच्या पाण्यात निघून जातात, तीही उलगडून केसीनला चिकटतात. पनीर करणाऱ्याला ते हवंच असतं, वजन वाढतं आणि पनीर मऊ होतं. आपल्याला मऊ नको आहे. भांड्याच्या कडेने वाफ दिसू लागली की गॅस बंद करावा.

फडताळातली आम्लं

इथे एक खबरदारी आधी सांगून टाकतो. आपल्याकडे घरात ‘अ‍ॅसिड’ म्हटलं की बाथरूमच्या फरशीवर ओतायची बाटली आठवते. ती यासाठी नाही. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि कारखान्यात केसीन वेगळं करायला हेच आम्ल वापरतात हेही खरं. पण ते शुद्ध असतं, मोजून घातलेलं असतं आणि घालणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असतो. फरशीच्या बाटलीला मुलांचा हात लागू देऊ नका. आपलं काम खायच्या आंबटांत भागतं.

गोव्याच्या स्वयंपाकघरात आंबटाची कमतरता कधीच नव्हती. पांढरं व्हिनेगर सोपं, त्यात ४-५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं आणि त्याला स्वतःचा रंग नाही. माडाच्या सुरेचं व्हिनेगर, जे विंदालू-सोरपोतेलला लागतं, त्यातही मुख्य आम्ल हेच, पण ते तपकिरी असतं आणि चोथ्याला रंग चढतो. शिवाय ते व्हिनेगर चांगलं मिळालं असेल तर प्रयोगात ओतणं हे माझ्या मते पाप आहे. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल ५-६ टक्के. ते अ‍ॅसेटिकपेक्षा जोरदार असल्याने रस थोडा कमी लागतो. वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व म्हणजे तेच आम्ल कोरड्या खड्यांच्या रूपात. मोजायला ते सगळ्यांत सोयीचं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, पण कोळ गाळून घेतला तरी गाळ आणि रंग राहतो.

सोलांचं आगळ वापरून बघायचा मोह होतो. त्यातलं मुख्य आम्ल सायट्रिकचंच भावंड, हायड्रॉक्सिसायट्रिक. दूध फाटतं, चोथा सुंदर गुलाबी होतो. अडचण मिठाची. आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ घातलेलं असतं आणि ते मीठ चोथ्यात राहिलं तर वाळलेली वस्तू हवेतला ओलावा ओढत राहते. गुलाबी हवंच असेल तर मीठ न लावलेली सोलं पाण्यात भिजवून ते पाणी घ्यावं.

बिंबलं कच्ची खाल्ली की दात आंबतात ते त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने. दूध त्याने फाटतं, पण हे आम्ल कॅल्शियम दिसलं की त्याला धरून न विरघळणारे बारीक खडे करतं, आणि दुधात कॅल्शियम भरपूर. चोथा कचकचीत होण्याची शक्यता फार. बिंबलं बांगड्याच्या कालवणातच शोभतात.

मग इतकी वर्षं आपण नारळाच्या दुधात सोलं घालून कढी करतो, तिच्या तळाशी कधी प्लास्टिक कसं सापडलं नाही? नारळाच्या दुधात केसीन नसतं. नावाने दूध, रंगानेही दूध, पण आत नारळाचं तेल आणि वनस्पतीची वेगळीच प्रथिनं. सोया, बदाम, काजू यांच्या ‘दुधांचंही’ तसंच. केसीन लागतं, आणि केसीन सस्तन प्राण्याच्याच दुधात असतं.

आता करून बघा

दूध कमीत कमी सायीचं घ्या. पिशवीवर ‘टोन्ड’ लिहिलेल्या दुधात स्निग्धांश ३ टक्के, ‘डबल टोन्ड’मध्ये दीड, आणि ‘स्किम्ड’मध्ये अर्ध्या टक्क्याच्या वर नाही. सायीचं तूप चोथ्यात राहिलं की वस्तू तेलकट होते, ठिसूळ होते आणि पंधरा दिवसांत खवट वास मारते. पाव लिटर दूध, वाफ येईपर्यंत गरम. चहाचे चार चमचे पांढरं व्हिनेगर. मिनिटभर हलक्या हाताने ढवळा. पाणी हिरवट-पिवळं आणि निवळशंख दिसू लागलं म्हणजे केसीन सगळं बाहेर आलं. तो हिरवट रंग बी-२ जीवनसत्त्वाचा. पाणी अजून दुधाळ असेल तर अर्धा-एक चमचा आणखी घाला.

मलमलच्या फडक्यातून गाळा. यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि वस्तू बिघडते ती तिथेच: चोथा धुवा. साध्या पाण्याखाली, दोन-तीनदा, चुरत चुरत. न धुतलेल्या चोथ्यात लॅक्टोज आणि आम्ल राहतं. लॅक्टोजमुळे वस्तू चिकट आणि तपकिरी होते, आणि गोव्यातल्या मुंग्यांना पत्ता सांगावा लागत नाही. धुतल्यावर जमेल तितकं पिळा, मग कणकेसारखं मळा, भेगा दिसेनाशा होईपर्यंत. खायचा रंग घालायचा तर इथे.

आकार पातळ ठेवा, तीन ते पाच मिलिमीटर. जाड गोळ्याची बाहेरची कातडी आधी वाळते, आत ओल राहते, आणि आतलं आकसायला लागलं की बाहेरचं तडकतं. उन्हात ठेवू नका. सावलीत, जाळीवर, रोज उलटवत. फेब्रुवारीत दोन-तीन दिवसांत काम होतं. जुलैत करायला घेतलंत तर हवा इतकी ओली असते की वाळण्याआधी बुरशी येते. मुलांच्या शाळेचा प्रकल्प पावसात असेल तर पंखा सतत चालू ठेवा, नाहीतर विषय बदला.

पाव लिटरातून हाती येतं ते सहा-सात ग्रॅम. एवढ्या दुधात दोन-तीन मोठी बटणं.

वाळलेली वस्तू कठीण असते, नखाने ओरखडा उठत नाही, पॉलिश पेपरने घासली तर थोडी चमकतेही. हातातून फरशीवर पडली की फुटते. आणि आता खरी परीक्षा: ती रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेली, पांढरट, बोटाने दबणारी झालेली असते. म्हणजे आपण जे केलं ते केसीन वेगळं काढून वाळवलं. साखळ्या जवळ आल्या, पण एकमेकींना बांधल्या गेल्या नाहीत. काथ्याच्या सुट्या दोऱ्यांचा ढीग कितीही दाबून ठेवला तरी पाणी आत शिरलं की तो सैल होतो. त्याच दोऱ्यांना जागोजागी गाठी मारून जाळं केलं तर ओढून बघा. दुधाचं प्लास्टिक व्हायला या गाठी लागतात.

गाठी मारणारा

त्या गाठी १८९७ च्या सुमारास जर्मनीत सापडल्या. हॅनोव्हरच्या विल्हेल्म क्रिशे नावाच्या छापखानेवाल्याला शाळांसाठी पांढऱ्या, धुता येणाऱ्या पाट्या करायच्या होत्या. पुठ्ठ्यावर केसीनचा लेप दिला तर लिहिता येत होतं, पण पुसायला पाणी लावलं की लेपच निघून येई, वर सांगितलेल्या आपल्या चांदणीसारखा. त्याने अडॉल्फ स्पिटेलर या रसायनतज्ज्ञाला गाठलं. स्पिटेलरने केसीनवर फॉर्मल्डिहाइडचा प्रयोग केला आणि ते शिंगासारखं कठीण झालं, पाण्यालाही बऱ्यापैकी दाद देईना. मांजराने फॉर्मल्डिहाइडची बाटली दुधाच्या बशीत सांडली आणि शोध लागला, अशी एक कहाणी सांगतात. कहाणी म्हणून झकास आहे. पाट्यांचा धंदा काही चालला नाही, पण ‘गॅलॅलिथ’ नावाने तो पदार्थ १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला आणि पुढची चाळीसेक वर्षं युरोपातली बटणं, कंगवे, फाउंटन पेनांची नळकांडी, विणायच्या सुया, छत्रीच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या त्याच्या होत राहिल्या. इंग्लंडात स्ट्राउडच्या कारखान्यातून तोच माल ‘एरिनॉइड’ म्हणून निघे. हस्तिदंत, शिंग, कासवाची पाठ यांची नक्कल त्यात हुबेहूब जमे आणि रंग असे चढत की बटणवाल्यांना दुसरं काही नको वाटे.

गंमत अशी की हे खरं दुधाचं प्लास्टिक आंबटाने फाडलेल्या दुधाचं नव्हतंच. चीज करायला वापरतात त्या रेनेटने दूध फाडलं जाई. रेनेट आम्ल नाही, कात्री आहे. ते कप्पा-केसीनची बाहेरची लव नेमक्या एका जागी, १०५ आणि १०६ या कड्यांच्या मधोमध, छाटतं. भार जातो, गोळे चिकटतात, पण पोटातलं कॅल्शियम फॉस्फेट जागेवर राहतं. आम्लाने तेच वाहून जातं हे वर आलंच आहे. कॅल्शियम राखलेलं केसीन प्लास्टिकला जास्त चांगलं ठरलं. आम्लाचं केसीन गेलं कागदाच्या लेपात, रंगात आणि गोंदात. म्हणजे प्रदर्शनातला प्रयोग गॅलॅलिथचा घरगुती अवतारही नाही, चुलतभाऊ आहे.

रेनेट केसीनची भुकटी थोड्या पाण्यात ओलवून, ऊब आणि दाब देऊन तिच्या कांड्या किंवा पत्रे काढत. ते मग फॉर्मेलिनच्या, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या फॉर्मल्डिहाइडच्या, पातळ द्रावणाच्या टाक्यांत बुडवून ठेवत. फॉर्मल्डिहाइडचा रेणू अगदी चिमुकला. तो हळूहळू आत झिरपतो आणि एका साखळीवरच्या लायसिन नावाच्या कडीला धरून शेजारच्या साखळीशी पूल बांधतो. झिरपण्याचं काम इतकं मंद की पातळ पत्र्याला दिवस आणि जाड कांडीला महिने लागत. एकदा गाठी बसल्या की तो पदार्थ पुन्हा वितळत नाही. कापा, भोकं पाडा, घासा, पण साच्यात ओतू नका. पुढे हाच मुद्दा त्याला भोवला. दुसऱ्या महायुद्धात दूध माणसांच्या पोटाला कमी पडू लागलं, आणि नंतर खनिज तेलापासून अशी प्लास्टिकं आली जी वितळवून साच्यात दाबली की काही सेकंदांत बटण बाहेर. टाकीत महिनोन्महिने कांड्या भिजवणाऱ्याचं काय चालणार?

फॉर्मेलिन हा शब्द गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको. २०१८ च्या जुलैत बाहेरून येणाऱ्या मासळीत ते आहे यावरून राज्यभर गदारोळ झाला, परराज्यांतल्या मासळीवर काही काळ बंदी आली आणि मासे खाणाऱ्या घरांत शाकाहार शिरला. मासळीच्या मांसात ते जे करतं तेच केसीनमध्ये करतं: प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना बांधतं. म्हणून मांस ताठर होतं, आणि जिवाणूंचीही प्रथिनं बांधली गेल्याने कुजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. तेव्हा इंटरनेटवर कुणी ‘चांदणी टिकाऊ करायला फॉर्मेलिनमध्ये बुडवा’ म्हणालं तर करू नका. चांदणी नाजूकच राहू द्या.

खुर्चीचा हिशेब

प्रदर्शनातल्या पुठ्ठ्यावर शेवटची ओळ बहुधा पर्यावरणाची असते: तेलाच्या प्लास्टिकऐवजी दुधाचं वापरा. इथे मघाचा आकडा काढा. लिटरमागे २७ ग्रॅम. चवथीला पाहुणे आले की अंगणात मांडतो ती प्लास्टिकची खुर्ची अडीच किलोच्या आसपास भरते. एका खुर्चीला नव्वदहून अधिक लिटर दूध. जिथे रोजच्या चहाचंही बरंचसं दूध घाट उतरून शेजारच्या राज्यांतून येतं, तिथे खुर्च्यांसाठी दूध मागणं जरा जास्तच.

आणि नव्वद लिटरांतलं केसीन काढल्यावर ऐंशीपेक्षा जास्त लिटर पाणी उरतं, त्यात साखर आणि प्रथिनं भरलेली. घरी ते कणीक मळायला, वरणात घालायला उत्तम. पण टँकरभर असं पाणी ओहोळात सोडलं तर ते कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकेल आणि मासे मरतील. ‘नैसर्गिक’ हा शिक्का बसला म्हणून सांडपाणी निरुपद्रवी होत नाही.

तरी केसीनला आज काही काम नाही असं समजू नका. त्याची पातळ फिल्म प्राणवायूला अडवण्यात भलतीच तरबेज असते. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशी खाता येणारी फिल्म दाखवली. साध्या पॉलिथिनच्या वेष्टनापेक्षा ती प्राणवायू ५०० पटीपर्यंत अधिक चांगला अडवते असं त्यांनी सांगितलं. तिला बळ देण्यासाठी त्यांनी लिंबूवर्गीय फळांतलं पेक्टिन मिसळलं होतं. अडचण जुनीच, पाणी. अशा फिल्मला बाहेरून आणखी एक वेष्टन लागतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर लागेलच.

घरी करण्यासारखी याहून उपयोगी गोष्ट म्हणजे गोंद. तोच धुतलेला चोथा, दोन चमचे कोमट पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा. फेस येतो, मग चोथा विरघळून दाट खळ होते. आंबटाने काढून घेतलेला ऋण भार सोडा परत देतो, साखळ्या पुन्हा पाण्यात मोकळ्या होतात. कागद, पुठ्ठा, लाकूड घट्ट धरतो. सोड्याऐवजी चुना घातला तर अधिक पक्का होतो, आणि तसल्या गोंदाने एके काळी लाकडी विमानं जोडली जात. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मॉस्किटो विमानांचे सुरुवातीचे सांधे केसीनच्या गोंदाचे होते. ओलाव्यात त्याचा भरवसा नव्हता म्हणून पुढे तो सोडून कृत्रिम राळेचा गोंद घेतला.

जुन्या घरांत आजोबांच्या कोटाची बटणं एखाद्या बिस्किटाच्या डब्यात पडून असतात. त्यातलं एखादं दुधाचं आहे का हे बघायचं तर तापवलेली सुई टोचून बघू नका, कारण बटण सेल्युलॉइड या दुसऱ्या जुन्या प्लास्टिकचं निघालं तर भडकन पेटेल. गरम पाण्यात दहा सेकंद बुडवा आणि लगेच हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, दवाखान्यासारखा कार्बोलिक वास आला तर बेकेलाइट हे तिसरं जुनं प्लास्टिक, आणि दूध करपल्याचा वास आला तर ते केसीन. मग लगेच पुसून कोरडं करा. पाण्यात राहिलं तर फुगेल, आणि वाळताना तडकेल.